टेपचं दुसरं टोक

योगराज रेल्वे फाटकाखालून सायकल काढून पुढे निघाला. त्याच्यामागे टेपही उलगडत निघाली, हे त्याला कळलं नाही.

रस्ता मोजायची टेप होती ती. कातडी डबी कॅरियरला सुतळीनं बांधलेली. फाटकाच्या दांड्याखालून वाकून जाताना टेपची पितळी कडी तिथल्या तारेत अडकली. तो पायडल मारत राहिला, डबीतून टेप सुटत राहिली. फाटकावर खोळंबलेले टेम्पोवाले हसायला लागले, तरी त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला हसत असतील. मग टेप संपली, कॅरियरला हिसका बसला आणि सायकल सरळ खड्ड्यात गेली.

उठून त्यानं मागे पाहिलं. टेपभर अंतरावर एक मुलगी उभी होती. तिनं तारेतून कडी सोडवली होती आणि ती हातात उंच धरली होती.

"ओ भाई!" ती गुजरातीत ओरडली. "तमारी पूंछडी रही गई!"

तुमचं शेपूट मागे राहिलं. आता तर फाटकवालाही हसला. योगराजनं गुडघा झाडला, पँटला लागलेला चिखल पाहिला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. म्हणजे हसू दाबून धरलं होतं, आणि ते टेपभर अंतरावरूनही दिसत होतं.

पालिकेच्या स्टोअरमधल्या भिकनदादानं सकाळी टेप देताना एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली होती. सायकल खड्ड्यात गेली तेव्हा ती गोष्टही कुठेतरी सांडली.

डिसेंबर शहाण्णवची गोष्ट. सुरतेच्या पूर्वेला, कडोदऱ्याच्या अलीकडे, कांठेली आणि आमलीपोर ही दोन गावं पालिका होण्याइतकी वाढली होती. दोघांना जोडणारा रस्ता मात्र कुणाचाच नव्हता. कांठेली म्हणायची, डांबर आमलीपोरनं टाकावं. आमलीपोर म्हणायची, तुमच्याच कापडाच्या लूमचे ट्रक जातात. शेवटी ठरलं की ज्याच्या हद्दीत जेवढा रस्ता, तेवढा खर्च त्याचा. हद्दीचा दगड कधीच नाहीसा झाला होता. पण जुन्या नकाशात लिहिलं होतं, कांठेलीकडच्या फाटकापासून चौदाशे साठ मीटर. तेवढं मोजायचं, रेघ मारायची आणि दोन्हीकडच्या माणसांनी सही करायची. कांठेलीनं योगराजला पाठवलं होतं. आमलीपोरचं माणूस फाटकावर भेटेल, असं साहेबांनी सांगितलं होतं.

"आमलीपोर पालिकेचं कुणी आलंय का?" त्यानं जवळ जाऊन गुजरातीत विचारलं.

"आलंय ना," ती म्हणाली. "तुमचं शेपूट धरून उभंय."

तिचं नाव रंजना. आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केलेली, आमलीपोरच्या बांधकाम शाखेत दोन वर्षं रोजंदारीवर. मार्चमध्ये कायम व्हायचा हुकूम निघणार होता. कडी तिच्या हातात होतीच, ती तिच्याचकडे राहिली. ती मागच्या खुणेवर कडी धरून बसायची, तो डबी घेऊन पुढे जायचा, टेप ताणायचा, आकड्यापाशी खडूची खूण करायचा. मग ती कडी सोडायची, तो टेप गुंडाळायचा आणि ती चालत त्या खुणेपर्यंत यायची. ती आली की तो पुढे निघायचा.

"बराबर पकडो!"

"पकडी छे! तुम्ही खेंचो!"

दोघांचंही गुजराती सारखंच मोडकं होतं. पण ऑफिसचं काम, म्हणून दोघंही तेच रेटत होते.

दुपारी एक रिकामा टेम्पो भरधाव आला. योगराज रस्त्याच्या मधोमध वाकून खूण करत होता. ओरडून काही उपयोग नव्हता, पलीकडे लूम धडधडत होते. रंजनानं एक हात वर केला आणि मूठ घट्ट मिटली. योगराज जागच्या जागी थांबला. तिनं तळहातानं हवा बाजूला ढकलली. तो बाजूला झाला. टेम्पो टेपवरून निघून गेला.

मग तो तिच्याकडे बघतच राहिला. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आवाज इतका असतो की कारागीर हातांनीच बोलतात. मिटलेली मूठ म्हणजे मशीन बंद कर. तळहात ढकलला म्हणजे सरक. त्याच्या वडिलांनी बावीस वर्षं खात्यात काढली होती. घरीसुद्धा ते पाणी हातानंच मागायचे.

तो टेप टाकून तिच्याकडे चालत आला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझे बाबा कडोदऱ्याला खात्यात आहेत. कानानं आता ऐकूच येत नाही त्यांना. घरात सगळे असंच बोलतो." घाबरल्यामुळे ती मराठीत बोलत होती, ते तिला वाक्य संपल्यावर कळलं. "...तुम्हाला मराठी येतं?"

"तुम्ही कोठला?" त्यानं अहिराणीत विचारलं.

"पारोळाना. आनि तुम्ही?"

"अमयनेर."

"मग सकाळपासून कशाला छे-छे करत होता?"

"तुम्ही सुरू केलं. शेपटापासून."

आता ती हसली. दाबून धरलेलं सकाळपासूनचं सगळं हसू एकदम बाहेर आलं.

लांबी मोजायला एकूण तीन दिवस लागले. तीन दिवसांचं काम नव्हतं ते, पण ट्रक मध्ये यायचे, खूण पुसली जायची... आणि कुणालाही घाई नव्हती. टेपच्या दोन टोकांना दोघं, आणि मधल्या अंतरात हात बोलायचे. अंगठा ओठांकडे नेला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ येतोय, म्हणजे इथे साहेबांची जीप. दोन्ही हातांची बोटं जोडून झटक्यानं लांब केली की तार, मागावरचा धागा, तुटली. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं की गाठ मार, जोडून घे. ही शेवटची खूण ती चपलेचा अंगठा तुटला की करून दाखवायची, आणि तो सुतळी घेऊन यायचा.

"तुम्ही सारखं मागे वळून का बघता?" तिनं चहा पिताना विचारलं. "परत खड्ड्यात पडाल."

"टेप सरळ आहे का, ते बघायला नको?"

"टेप सरळच असते."

"आणि टेप धरणारी?"

"तीही सरळ आहे. मान तुमचीच वाकडी व्हायला लागलीय."

रस्त्याच्या कडेला पोंक भाजणाऱ्या बाया बसायच्या. कोवळी ज्वारी गोवऱ्यांच्या आगीत भाजायची, कणसं काठीनं झोडपायची, हिरवे गरम दाणे शेव टाकून कागदात द्यायचे. योगराज दोन पुड्या घ्यायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं एकच घेतली.  ती शेव बाजूला सारून दाणे त्याच्याकडे ढकलत राहिली, कारण त्याला दाणे आवडतात हे तिनं दोन दिवसांत बघून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी चौदाशे साठ मीटर भरले. योगराजनं ऑइल पेंटनं रस्त्यावर आडवी लाल रेघ मारली. समोरच दहा पावलांच्या आत नाल्यावरचा जुना छोटा पूल होता. पार खचलेला. तो नवा बांधायला अर्ध्या रस्त्याइतका खर्च होता.

"पूल आमच्याकडे आला?" रंजना रेघेकडे बघत म्हणाली. "आमच्या साहेबांना वाटत होतं तुमच्याकडे आहे."

"नकाशात चौदाशे साठ. आपणही चौदाशे साठच मोजलं."

तिनं मान हलवली आणि सही केली.

मग पाच दिवस खड्डे. टेप पिशवीत गेली आणि दोन मीटरची लाकडी पट्टी आली. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना उकिडवं बसून मोजायचं. इतक्या जवळ आल्यावर हातांची भाषा उपयोगाची राहिली नाही, आणि तोंडाची सुचेना. फाटकाजवळचा खड्डा तिनं वहीत नंबर एक म्हणून लिहिला.

"हा बुजवू देणार नाही मी," ती म्हणाली. "इथे एक भाई पडले होते."

"एकदाच पडलो."

"खरंच एकदाच?"

तो पट्टीवरचा आकडा वाचायला लागला. तिनं तो मुकाट्यानं लिहून घेतला. नंतर आकडा तपासला तेव्हा तो उलटा वाचलेला निघाला.

शनिवारी काम संपलं. निघताना त्याला बरंच काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "सोमवारी टेप परत करायचीय."

"करा ना मग," ती म्हणाली, आणि जराशी थांबून, "तेवढंच?" असं विचारून निघून गेली.

सोमवारी स्टोअरमध्ये भिकनदादानं टेप उलगडून पाहिली. "वीस-वीस सेंटी वजा केलेस ना रे?"

"कसले?"

भिकनदादानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अरे बाबा, दोनदा सांगितलं तुला. रोलरखाली जाऊन पुढचा तुकडा तुटला. मी वीसच्या आकड्यावर कडी बांधली. ही टेप तीसची नाही, एकोणतीस ऐंशीची. दर टेपमागे वीस सेंटी."

योगराजनं मनात हिशेब केला. एकोणपन्नास वेळा वीस सेंटी. जवळजवळ दहा मीटर. म्हणजे रेघ दहा मीटर अलीकडे पडली होती. खरी रेघ पुलाच्या पलीकडे हवी होती. पूल कांठेलीचा होता.

 तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. साहेब भलतेच खुशीत होते. "शाब्बास! पूल गेला त्यांच्या गळ्यात. तिकडे म्हणे त्या मुलीला चांगलंच झापलं. बाई तिथे उभी राहून करत काय होती, असं विचारलं. तिचा हुकूमही थांबवलाय म्हणे." साहेब हसले. योगराज हसला नाही.

संध्याकाळी भेस्तानला घरी त्यानं ताट तसंच सरकवलं. त्याची आई, धुरपदाबाई, चुलीपुढून त्याच्याकडे बघत होती.

"काय व्हयनं?"

"काही नाही."

"काही नाहीचं तोंड असं नसतं." तिनं भाकरी परत टोपलीत ठेवली. "चूक तुझी का दुसऱ्याची?"

"माझी."

"मग बरं. दुसऱ्याची असती तर त्याची वाट बघावी लागली असती."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात न जाता आमलीपोरला गेला. रंजना पालिकेच्या पायऱ्यांवर भेटली. चेहरा उतरलेला होता. त्याला बघून जरासा उजळला, आणि त्याला वाटलं, हा चेहरा आता आपण मालवणार.

दोघं पुलापर्यंत चालत आले. त्यानं सगळं सांगितलं. वीस सेंटी, भिकनदादा, साहेबांचं शाब्बास. ती ऐकत राहिली. मग अगदी हळू आवाजात बोलली.

"पुलासाठी होतं ते सगळं?"

"नाही. रंजना, नाही."

"एका पुडीतला पोंक? सारखं मागे वळून बघणं? मी आकडे बघू नयेत म्हणून?"

"मी विसरलो. खरंच विसरलो."

"एकोणपन्नास वेळा?" तिचा आवाज फाटला. "आमच्या साहेबांनी काल सगळ्यांसमोर विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं. मी काय सांगू त्यांना? कांठेलीचा माणूस गोड बोलत होता म्हणून?"

ती वळली आणि झपाझप निघाली. बरीच लांब गेल्यावर थांबली, मागे वळली. त्याला वाटलं, ओरडेल. तिनं दोन्ही हातांची बोटं जोडली आणि झटक्यानं लांब केली.

तार तुटली.

त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी आधी दार लावलं. "कुणाला ठाऊक आहे हे?"

"आमलीपोरला मी स्वतः सांगून आलोय."

साहेब खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "तुझ्यासारखा मूर्ख माझ्या नोकरीत दुसरा नाही पाहिला. लेखी खुलासा दे. इतकी साधी गोष्ट विसरलास कशी, ते लिही. प्रत त्यांनाही जाईल. आणि एप्रिलपर्यंत तुला फाटकापासच्या जकात नाक्यावर बसवतो. बस ट्रक मोजत."

योगराजनं चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं ते असं:

'टेप आमच्या ऑफिसची. ती वीस सेंटीनं आखूड आहे, हे मला सांगितलेलं होतं. ते आमलीपोरच्या बेनला सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. त्यांचा यात काही दोष नाही. मोजणीच्या तिन्ही दिवशी माझं लक्ष आकड्यांकडे नव्हतं, टेपच्या दुसऱ्या टोकाकडे होतं. याशिवाय दुसरं कारण नाही. जी शिक्षा होईल ती मान्य.'

हा कागद आमलीपोरला पोचला तेव्हा तिथल्या टपाल नोंदणाऱ्या बारनिशीतल्या सरलाबाईंनी तो नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचला. 'दुसऱ्या टोकाकडे' इथे आल्यावर त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग सगळी शाखा रंजनाच्या टेबलाकडे बघायला लागली.

"काय गं," सरलाबाई म्हणाल्या, "टेपच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं म्हणालीस?"

रंजना नकाशात डोकं घालून बसली. कान लाल झाले होते. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं तो कागद फाइलमधून काढून परत वाचला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा वाचताना तिला त्यात काय लिहिलेलं नाही, ते दिसलं.

पुढच्या सोमवारी फेरमोजणी झाली. दोन्ही पालिकांचे साहेब, दोन जीप आणि नवी पोलादी टेप. कडी रंजनानं घेतली, डबी योगराजनं.  तो मागे वळला नाही. खूण करायचा आणि आकड्याकडे बघत उभा राहायचा. ती मात्र दर वेळी कडीपाशी वाकून शून्य नीट बघायची आणि मोठ्यानं म्हणायची, "शून्य!"

रेघ पुलाच्या पलीकडे पडली.

कांठेलीच्या साहेबांचं तोंड कडू झालं. आमलीपोरचे साहेब पुलाच्या खचलेल्या कठड्याला हात लावून उभे होते. "पाणी तर आमच्याकडून येतं," ते शेवटी म्हणाले. "आणि तुमच्या माणसानं खरं सांगितलं नसतं तर सगळा खर्च आम्हीच भरला असता. पूल निम्मा-निम्मा करू. रंजनाबेन, लिहा. आणि उद्या तुमचा हुकूम सहीला ठेवा."

जीप गेल्या. धूळ खाली बसली. पोंकवाल्या बाया आवराआवर करत होत्या. फाटकाकडून भुसावळ पॅसेंजर शिटी देत खानदेशाकडे निघाली. टेप अजून रस्त्यावर तशीच पडली होती, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती.

तो डबी खाली ठेवून तिच्यापाशी आला.

"हुकमाचं बरं झालं," तो म्हणाला. "मी निघतो."

"थांबा." ती मान खाली घालूनच बोलली. "तुमच्या खुलाशात एक गोष्ट लिहायची राहिलीय."

"काय?"

"कडी कुणाच्या हातात होती."

त्यानं रस्त्यावर पडलेल्या कडीकडे पाहिलं.

"कडीपाशीच आकडा होता. वीस. लाल रंगात. तीन दिवस माझ्या अंगठ्याखाली होता. तुम्ही विसरला होता, पण मला तर समोर दिसायला हवा होता. तुमच्या लक्षात आलं असणार."

"त्याच दिवशी आलं. भिकनदादानं टेप उलगडली तेव्हा."

"मग लिहिलं का नाही? चूक निम्मी झाली असती. जकात नाक्यावर बसायची वेळ आली नसती."

"तुमचा हुकूम गेला असता."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि ओठांवर तेच पहिल्या दिवसाचं दाबून धरलेलं काहीतरी.

"मी तुम्हाला नको ते बोलले, पुलावर."

"बोललात."

"मग विचारा ना मला."

"काय विचारू?"

"साहेबांनी विचारलं होतं तेच. अंगठ्याखालचा आकडा मला तीन दिवस दिसला कसा नाही. माझं लक्ष कुठे होतं."

योगराजच्या छातीत खात्यातले सगळे लूम एकदम सुरू झाले. "कुठे होतं?"

ती खाली वाकली, कडी उचलली. "आधी टेप गुंडाळा. सरकारी वस्तू आहे. जा, डबी घ्या."

तो टेपभर अंतर चालत गेला, डबी उचलली आणि वळला. ती तिथेच उभी होती, कडी एका हातात. दुसरा हात तिनं वर केला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. सावकाश, त्याला नीट दिसेल असं.

गाठ मार. जोडून घे.

त्याला मूठ फिरवायला जरा वेळ लागला.  मग डबीची मूठ फिरायला लागली. रोज याच वेळी ती कडी सोडून द्यायची आणि कडी रस्त्यावरून उड्या मारत एकटीच यायची. आज तिनं सोडली नाही. टेप आत जाईल तशी ती कडी धरून पुढे येत राहिली. पंचवीस मीटर. वीस. पोंकवाल्या बायांनी आवराआवर थांबवली. दहा. पाच. त्याला वाटलं, मूठ जरा हळू फिरवावी. आणि वाटलं, जोरात फिरवावी.

"आईला कधी पाठवू घरी?" दोन मीटर राहिले तेव्हा त्यानं विचारलं.

"रविवारी. बाबांशी हातानं बोलावं लागेल म्हणावं."

"तिला येतं."

कडी डबीला येऊन टेकली. तिनं ती तेव्हाही सोडली नाही.